मिशनरी म्हणून बाहेर जायचंय, पण श्रद्धा टिकते का तिथं?

जय ख्रिस्त. प्रश्न वाईच्या एका पोराचा आहे. जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालाय, वय 24, मंडळीतून त्याला आफ्रिकेतल्या मालावीच्या एका मिशन हॉस्पिटलात 2 वर्षांसाठी जाशील का म्हणून विचारलंय, आई नको म्हणतेय, आणि त्याला कळत नाहीये की तिथं गेल्यावर प्रार्थना, वचन वगैरे आपोआप वाढतं की इथं जेवढं आहे तेवढंही जातं. शिवाय रोजचा दिवस नेमका कसा असतो हे कुणी सांगत नाही, सगळे फक्त साक्षी सांगतात.

तुला अरे-तुरे करतो, राग मानू नको, माझी पोरगी तुझ्याएवढी आहे. मी मिरजेचा, धंद्यानं लॅब टेक्निशियन. 2009 ते 2019 दक्षिण मालावीत एका मिशन हॉस्पिटलात होतो, बायको सोबत, मुलगी पहिली 4 वर्षं सोबत आणि मग शाळेसाठी मिरजेत आजीकडं.

सरळ उत्तर देतो. श्रद्धा आपोआप वाढत नाही. इथं तुला मंडळी धरून ठेवते, रविवारी नाही गेलास तर सोमवारी पाळकसाहेबांचा फोन येतो, आई विचारते, तरुण संघवाले टोमणा मारतात, आणि आपल्याला वाटतं ही आपली श्रद्धा आहे. निम्मी असते, निम्मी त्या लोकांची असते. तिथं गेल्यावर पहिल्या काही महिन्यांत कळतं की आपली स्वतःची किती होती. माझी तर लई कमी निघाली.

आता दिवस कसा असतो ते सांगतो. पावसाळ्यात पहाटे 5 ला उजाडलेलं असतं. तिथं साडेपाच वाजतात तेव्हा सांगलीत 9 वाजलेले असतात, साडेतीन तासांचा फरक, त्यामुळं घरच्यांना फोन करायची वेळ हीच, नंतर नाही जमत. साडेसातला हॉस्पिटलात सगळ्या स्टाफची उपासना, बाजा नाही तबला नाही, नुसत्या गळ्यानं चार सुरांत गातात, आणि मी मिरजेचा माणूस, तंबोऱ्याच्या गावात वाढलेला, तरी मी पहिल्या दिवशी तोंड उघडं टाकून बघत राहिलो होतो. तिथली झाडूवाली बाई सुद्धा न चुकता खालचा सूर धरते. मग काम. माझं काम म्हणजे स्लाईड, हिमोग्लोबिन, रक्त जुळवणं. पावसाळा नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत, आणि पावसात मलेरिया, त्यातही फाल्सिपेरम म्हणजे त्याची सगळ्यात घातक जात, पोरं आईच्या पाठीवर बांधलेली यायची आणि हिमोग्लोबिन 3 किंवा 4. आपल्याकडं 8 आलं तर आपण घाबरतो. रक्त नातेवाईकांकडूनच घ्यायचं, आधी एचआयव्ही, कावीळ बी, सिफिलिस तपासायचं, तोवर लाईट गेलेली, जनरेटरच्या डिझेलची चावी ज्याच्याकडं तो गावात कुणाच्या मातीला गेलेला. हे असं रोज.

दुपारी न्सिमा. मक्याच्या पिठाची घट्ट उकड समज, हातानं गोळा करायचा आणि कालवणात बुडवायचा. कालवणाला न्दिवो म्हणतात. आणि गंमत बघ, भोपळ्याचा पाला शेंगदाण्याचं कूट घालून शिजवतात, माठासारखी भाजी असते तिला बोनोंग्वे म्हणतात, उसिपा म्हणजे आपली सुकट. सातारा-सांगलीच्या माणसाला तिथं जेवायला काही अडचण नाही, उलट पुण्या-मुंबईची पोरं जास्त कुरकुरतात (बघितलीयत मी दोन). खाली शिरे नदीच्या खोऱ्यात ज्वारी पिकते, मापिरा म्हणतात, माझ्या बायकोनं ती आणवली, चिगायोवर म्हणजे तिथल्या गिरणीवर दळायला नेली तर गिरणीवाला म्हणाला एवढं बारीक कशाला. पहिली भाकरी थापली तेव्हा शेजारच्या बारा बाया बघायला. त्यांच्यापैकी एकीला महिन्याभरात जमायला लागली, पण ती पाण्याचा हात फिरवायचीच नाही, कितीदा सांगितलं तरी.

कुणाच्या दारात गेलास तर आधी हाक द्यायची, ओदी! आतून ओदीनी आलं की मगच पाय टाकायचा. आणि काहीही विचारण्याआधी मुली ब्वांजी, म्हणजे कसे आहात, मग त्यानं तुला विचारायचं, मग घरच्यांचं विचारायचं, मग कामाचं. मी पहिले दोन महिने थेट विचारायचो, सॅम्पल कुठंय म्हणून, आणि लोक मला उद्धट समजायचे, आणि मी त्यांना आळशी समजायचो. एवढ्या एका गोष्टीवरून किती बिघडतं बघ. प्रार्थनेच्या पहिले हे शीक.

भाषा शीकच. चिचेवा. इंग्लिशवर निभतं असं तुला सगळे सांगतील, निभतं, पण पेशंटशी नाही निभत आणि म्हाताऱ्यांशी तर मुळीच नाही. माझी फजिती सांगतो. सात-आठ महिने झाल्यावर मला रविवारी उपासनेत चार शब्द बोलायला सांगितलं. मी पाठ करून गेलो होतो, देव सगळीकडं आहे, मुलुंगु आली पोन्सेपोन्से. मुलुंगु म्हणजे देव. आणि मालुंगो म्हणजे ताप, मलेरिया. लॅबमध्ये दिवसभर तोच शब्द तोंडात, त्यामुळं मी वेदीजवळ उभा राहून छातीठोकपणे सांगितलं की मलेरिया सगळीकडं आहे. एकदम शांत, आणि मग चारशे माणसं हसायला लागली, थांबेचनात. पुढच्या बाकावरची एक आजी उभी राहिली आणि म्हणाली, खोटं काय बोलला, आहेच की. त्या दिवसापासून मला गावात डॉक्टर मालुंगो नाव पडलं ते 10 वर्षं गेलं नाही. पण खरं सांगतो, त्या रविवारनंतर लोक माझ्या घरी यायला लागले.

आणखी एक, आपल्याला तिथं म्वेन्ये म्हणतात, म्हणजे इंडियन, आणि इंडियन म्हणजे दुकानदार हे पक्कं. लिंबेला आपल्या गुजराती लोकांची मोठी दुकानं आहेत, तूरडाळ, हिंग, मोहरी सगळं मिळतं. मला किती जणांनी विचारलंय, तुझं दुकान कुठंय? नाही म्हणलं तर त्यांना वाटायचं बुडालं असेल बिचाऱ्याचं.

आता श्रद्धेचं. पहिलं वर्ष उत्साहात जातं, ते मोजू नको. माझी गाडी अडकली दुसऱ्या पावसाळ्यात, 2011 च्या जानेवारी ते मार्च. तिथं हे महिने उपासमारीचे पण असतात, जुना मका संपलेला, नवा एप्रिलशिवाय निघत नाही. एका आठवड्यात मी रक्त जुळवून दिलेली चार पोरं गेली. रक्त उशिरा मिळालं, किंवा मिळालं तरी गेली. मी गुडघे टेकायचो आणि काहीच यायचं नाही. राग पण नाही रे, राग आला असता तर बरं झालं असतं, नुसतं कोरडं. आणि बाहेर मी मिशनरी, सकाळच्या उपासनेत माझी पाळी आली की मी विश्वासावर बोलायचो. ढोंग वाटायचं.

तेव्हा काय केलं? काही मोठं नाही केलं. माझी आई रोज सकाळी चुलीपुढं बसून एक स्तोत्र मोठ्यानं वाचायची, अर्थ लागो न लागो, दूध उतू गेलं तरी थांबायची नाही. मी तेच धरलं. पहाटे उठून मराठीतनं एक स्तोत्र मोठ्यानं. वाटतंय का, वाटत नाहीये का, हे बघायचंच नाही असं ठरवलं. आणि त्यात स्तोत्र 88 सापडलं. म्हणजे आधी वाचलं होतं पण बघितलं नव्हतं. बाकीची बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटाला वळतात, तरीपण मी तुझी स्तुती करीन वगैरे. हे वळत नाही. अंधारातच संपतं, शेवटचा शब्दच अंधार. मला एवढा आधार दुसऱ्या कशाचा नाही वाटला, की असल्या माणसाची प्रार्थना सुद्धा शास्त्रात ठेवलीय, कुणी दुरुस्त करून गोड केलेली नाही. दोन महिने मी रोज तेच एक वाचलं. बायको म्हणायची दुसरं वाचा की हो. मे महिन्यात कधीतरी, थंडी पडायला लागली होती, सकाळी वाचता वाचता पुस्तकाचं पान आपोआप पुढं गेलं आणि मी 89 वाचायला लागलो. काही प्रकाश वगैरे पडला नाही. पुढं गेलो एवढंच.

आणि प्रार्थना मराठीतच कर. तिथं सगळं इंग्लिश आणि चिचेवा, हळूहळू आपण मनातही इंग्लिशमध्ये प्रार्थना करायला लागतो, आणि माझं असं झालंय की इंग्लिशमध्ये बोललो की मी देवापुढंही शहाणपणा करतो, नीट वाक्यं जुळवतो. मराठीत तसं नाही होत, मराठीत मी आईसारखा बोलतो, अरे देवा बघ की जरा, एवढंच.

पैशाचं सांगतो, कारण हे कुणी सांगणार नाही. 2012 च्या मे मध्ये तिथल्या सरकारनं क्वाचाची म्हणजे त्यांच्या चलनाची किंमत पाडली, डॉलरला 167 क्वाचा होते ते एकदम 250. माझा खर्च बाहेरून यायचा, म्हणजे एका दिवसात माझ्या हातात दीडपट पैसे. आणि माझ्या शेजारी त्याच मायक्रोस्कोपवर बसणारा माझा सहकारी, माझ्यापेक्षा हुशार, त्याचा पगार तेवढाच आणि मका, साबण, रॉकेल सगळं महाग. त्या रात्री जेवताना आमची रोजची भाकर आज आम्हाला दे म्हणायला तोंड उघडेना. बायकोनंच म्हणलं. पहिल्यांदा मी काय केलं तर त्याच्या खिशात पैसे घातले, त्यानं घेतले पण महिनाभर माझ्याशी नीट बोलला नाही, बरोबरीचं नातं होतं ते मी एका पाकिटात साहेब-नोकराचं केलं. मग आम्ही तिथल्या मंडळीच्या कमिटीकडं गुपचूप द्यायला लागलो, पोरांच्या फीसाठी, कुणाची फी हे कमिटी ठरवणार, आम्हाला नाव सांगायचं नाही. तिथं असेपर्यंत तुझ्याकडं कुणीतरी येऊन मागतच राहणार, तू देत पण राहणार, पण स्वतःच्या हातानं देणं जेवढं टाळता येईल तेवढं टाळ. हे माझं मत, बरेच मिशनरी वेगळं सांगतील.

आणि तिथं काही शिकवायला चाललोय हे डोक्यातून काढ. 2011 ला मालावीनं ठरवलं की एचआयव्ही असलेल्या प्रत्येक गरोदर बाईला सीडी फोरचा, म्हणजे रक्तातल्या प्रतिकार करणाऱ्या पेशींचा, आकडा न बघता लगेच आणि आयुष्यभर औषधं सुरू करायची, ऑप्शन बी प्लस म्हणतात, जगात हे पहिल्यांदा त्यांनी केलं आणि पुढं डब्ल्यूएचओ पण त्याच वाटेनं गेली. माझ्या लॅबमध्ये मशीन सारखं बंद, म्हणून पूर्वी बाया आकड्यासाठी तीन-तीन महिने हेलपाटे मारायच्या. एका गरीब देशानं विचार केला की मशीन नाही तर मशीनशिवाय करू. मी इंडियातून आलो होतो शिकवायला!

धर्म पसरवायचं म्हणशील तर मालावीत बहुतेक लोक आधीच ख्रिस्ती आहेत, तळ्याच्या काठानं याओ लोक मुस्लिम आहेत, आणि दोघं एकमेकांच्या लग्नाला-मातीला जातात. माझ्या 10 वर्षांत माझ्यामुळं किती बाप्तिस्मे झाले? शून्य. सुट्टीवर आलो की मंडळीत पहिला प्रश्न हाच, किती आत्मे जिंकले. मला पाठवणाऱ्या एका कमिटीनं तर पत्रच लिहिलं होतं की प्रार्थनापत्रात आजारी लहान मुलांचे फोटो टाका, देणगी येते. मी नाही टाकले. त्यांनी पुढच्या वर्षी मदत कमी केली. तुला पण असं पत्र येईल, आलं की आधी असा विचार कर की ते पोरगं वाईच्या कृष्णेच्या घाटावरचं असतं आणि त्याचा उघडा फोटो कुणी परदेशात छापला असता तर तुझ्या आईला कसं वाटलं असतं.

आपण सातारा-सांगलीचे लोक खरंतर या बाबतीत जरा वेगळे आहोत, म्हणजे असायला पाहिजे. आपल्याकडं मिशनरी येऊन राहून गेलेत. कॅनडाचा वानलेस डॉक्टर 1889 ला आला, 1894 ला मिरजेत हॉस्पिटल उभं केलं, माझे वडील त्याच हॉस्पिटलात वॉर्डबॉय होते. आमच्या घरात मिशनरींच्या गोष्टी चांगल्या पण होत्या आणि वाईट पण, कोण साहेब प्रेमळ होता आणि कोण मॅडम बंगल्याच्या पुढच्या दारानं येऊ द्यायची नाही, सगळं वडिलांना पाठ. मी तिथं जाताना ते म्हणले, पुढचं दार उघडं ठेव. एवढंच म्हणले. आणि साताऱ्याचं बघ, रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 ला मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात देवाचा दरबार काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा. तुकोबाच्या अभंगातून ख्रिस्ताकडं गेलेला माणूस तो. तिथं मालावीतही असाच एक पाळक नोटेवर छापलाय, जॉन चिलेम्ब्वे, 1915 ला गोऱ्या मळेवाल्यांच्या विरुद्ध उठला आणि मारला गेला. मी माझ्या सहकाऱ्याला त्या बदल्यात आपल्या पत्री सरकारची गोष्ट सांगितली, तर तो म्हणाला, म्हणजे तुमचा जिल्हा पण असाच आहे.

आता आईचं. 2014 च्या ऑगस्टमध्ये माझे वडील गेले. पहाटे फोन आला. तिकीट बघितलं तर अदिस अबाबावरून मुंबई आणि पुढं मिरज, कसंही केलं तरी दोन दिवस, आणि माती त्याच दिवशी संध्याकाळी. मी नाही पोचू शकलो. भावानं कबरस्तानात फोन चालू ठेवला, वाऱ्याचा आवाज, मग गीत, मध्येच कट, परत लावला तोवर माती टाकायला सुरुवात झालेली. मी लॅबच्या मागच्या पायरीवर बसून ऐकत होतो.

घरी आलो तर अंगणात बाया बसलेल्या. जमिनीवर, चटया टाकून, पंचवीस-तीस तरी. तिथं मालिरो म्हणजे मयत झाली की सगळं थांबतं, पण ते जिथं मयत असेल तिथं. माझ्याकडं तर प्रेत नव्हतं. एकीनं हळूच विचारलं, कुठं ठेवलंय? मी म्हणलं इंडियात. त्यांनी एकमेकांकडं बघितलं, काहीतरी बोलल्या, आणि मग बसूनच राहिल्या. कुणी डोक्यावर सरपण आणलं, कुणी थाळीभर मक्याचं पीठ, ऑगस्टमध्ये जरा बरं असतं पण तरी पीठ म्हणजे पीठ. पुरुष बाहेर झाडाखाली. रात्रभर गात होत्या. येणारा प्रत्येक माणूस हातात हात घेऊन पेपानी म्हणायचा, म्हणजे वाईट झालं, माफ करा, दोन्ही अर्थ आहेत त्याला. तो गिरणीवाला पण आला होता. माझा तो सहकारी, ज्याच्या खिशात मी पैसे घातले होते, तो पहाटेपर्यंत माझ्या शेजारी बसला, एक शब्द बोलला नाही, आणि उठताना माझ्या हातात दुमडलेली नोट दिली. चिलेम्ब्वेचा फोटो असलेली. मयताच्या घरी द्यायची पद्धत आहे. मी घेतली. नाही म्हणायचं मनात आलं होतं, पण घेतली.

तुझ्या आईला हे सांग किंवा नको सांगू, तू ठरव. पण नको म्हणतेय ती वेडेपणानं म्हणत नाही, तिला जे दिसतंय ते खरं आहे. आमच्या पोरीनं पण अजून पूर्ण माफ केलेलं नाही आम्हाला, आजीकडं ठेवल्याबद्दल. चेष्टेत बोलते, पण बोलते.

राहिलं कामाचं. हॉस्पिटल तुझ्यासाठी टेम्पररी एम्प्लॉयमेंट परमिट काढेल आणि तिथल्या नर्सेस अँड मिडवाइव्हज कौन्सिलकडं रजिस्ट्रेशन लागेल, त्याशिवाय पेशंटला हात लावायचा नाही, टुरिस्ट व्हिसावर ये मग बघू असं कुणी म्हणलं तर नाही म्हण. इथून पोलिस क्लिअरन्स, कौन्सिलचे कागद सगळे आधी. विमान अदिस अबाबा किंवा नैरोबीवरून जातं म्हणून यलो फीव्हरची लस आधीच घे, निघायच्या किमान 10 दिवस आधी, एकदा घेतली की जन्मभर चालते, पिवळं कार्ड पासपोर्टमध्येच ठेव. मच्छरदाणी तिथं मिळते. लोखंडी तवा मात्र इथून ने, आम्ही नॉनस्टिक नेला होता आणि सहा महिन्यांत त्यावर भाकरी चिकटायला लागली. आणि मराठी बायबल मोठ्या अक्षराचं ने, मोबाईलवरचं नको, लाईट नसते.

मिरजेला कधी आलास तर आईला घेऊनच ये. माझ्या बायकोशी बोलू दे तिला, मी मध्ये बसणार नाही.